खाऱ्या पाण्यातले चांदीचे नॅनोकण: जिवंत पेशींवरचा विषारीपणा कॉलेजच्या प्रयोगशाळेत कसा तपासायचा

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावरच्या कॉलेजांत एम.एस्सी.चे प्रकल्प सुरू झाले की नॅनोकणांचा, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागांत (नॅनोमीटरमध्ये) मोजायच्या बारीक कणांचा, विषय हमखास निघतो. कुणी कडुनिंबाच्या पाल्यापासून चांदीचे कण करतो, कुणी कोकमाच्या सालीपासून. कण झाले की ते जिवाणूंवर टाकायचे, भोवतीचा मोकळा गोल मोजायचा आणि प्रकल्प बांधून द्यायचा, अशी पद्धत पडली आहे. पण हे कण शेवटी जातात कुठे? चांदीचे नॅनोकण कापडात, जखमेच्या पट्ट्यांत, पाण्याच्या फिल्टरमध्ये वापरतात. धुण्याचे पाणी गटारातून खाडीत येते. बोटीच्या तळाला लावायच्या रंगातून ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे विषारी संयुग हद्दपार करणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. तेव्हापासून त्या रंगांचा मुख्य भार तांब्यावर आहे. म्हणजे धातू खाडीत उतरतच असतो. म्हणून शिनाण्याच्या (हिरव्या कवचाच्या शिंपल्याच्या), झिंग्याच्या पिल्लाच्या आणि कांद्याच्या मुळाच्या पेशीला त्याने काय होते, हे इथेच आणि इथल्याच पाण्यात तपासले पाहिजे.

या लेखात तीन चाचण्या आहेत: कांद्याच्या मुळांची, आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या बारीक जिवाच्या) पिल्लांची आणि शिनाण्याच्या रक्तपेशींची. तिन्ही साध्या प्रयोगशाळेत होतात. स्पेक्ट्रोफोटोमीटर, सूक्ष्मदर्शक, बऱ्यापैकी वजनकाटा आणि खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर एवढे हवे. चाचण्यांइतकीच जागा कण तयार करण्याला आणि ते पाण्यात टिकतात का हे पाहण्याला दिली आहे, कारण बहुतेक प्रकल्पांचे निकाल तिथेच बिघडतात. बाटलीवर लिहिलेले १० नॅनोमीटर आणि पेशीपर्यंत पोचलेली वस्तू यांत, विशेषतः समुद्राच्या पाण्यात, फार फरक असतो.

पेशीत नेमके काय घडते

धातूचा नॅनोकण पेशीला दोन वाटांनी मारतो. पहिली वाट आयनांची. चांदीच्या कणाचा पृष्ठभाग हवेतल्या ऑक्सिजनने गंजतो आणि चांदीचे आयन पाण्यात सुटतात. हे आयन प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना घट्ट चिकटतात, पेशीचे रक्षण करणारे ग्लुटाथिऑन खाऊन टाकतात आणि मायटोकॉन्ड्रियातली श्वसनाची साखळी अडवतात. दुसरी वाट खुद्द कणाची. पेशी कणाला अन्न समजून गिळते, तो लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, जातो. तिथला पीएच ४.५ ते ५, म्हणजे आंबट. बाहेर हळूहळू विरघळणारा कण आत भराभर विरघळतो आणि आयनांचा सगळा साठा पेशीच्या पोटातच फुटतो. लायसोसोमची भिंत आधी फाटते. ऑक्सिजनचे घातक रेणू वाढणे, डीएनए तुटणे, पेशी मरणे हे नंतरचे. लायसोसोमची भिंत सगळ्यात आधी बोलते, म्हणूनच शिनाण्याची चाचणी तिच्यावर बेतलेली आहे.

सगळे धातू सारखे वागत नाहीत. झिंक ऑक्साइड मोठ्या प्रमाणात विरघळते, त्यामुळे तिथे बरेचसे काम जस्ताचे आयनच करतात. टायटॅनियम डायऑक्साइड जवळपास विरघळत नाही. ते ऊन लागले की घातक होते, म्हणून त्याची चाचणी अंधारात आणि उजेडात वेगवेगळी करावी लागते. सोने तुलनेने थंड असते, पण कण दीड-एक नॅनोमीटरच्या आसपास आला की तेही पेशी मारते.

आकाराचा हिशोब एकदा मनात बसवून घ्या. १ लिटर पाण्यात १ मि.ग्रॅ. चांदी १० नॅनोमीटरच्या गोल कणांच्या रूपात असेल, तर कणांची संख्या सुमारे १८० लाख कोटी होते. तेवढीच चांदी १०० नॅनोमीटरच्या कणांत असेल तर संख्या हजारपटीने घटते आणि पृष्ठभाग दहापटीने. आयन पृष्ठभागावरून सुटतात. म्हणून नुसते ‘इतके मि.ग्रॅ. प्रति लिटर’ लिहून भागत नाही, आकारही सांगावा लागतो.

आधी पाणी तपासा

कोकणातली पहिली अडचण क्लोराइडची. किनाऱ्यालगतच्या विहिरीच्या पाण्यात ते असतेच, आणि कॉलेजचे डिस्टिलेशन यंत्र जुने असेल तर ‘डिस्टिल्ड’ पाण्यातही थोडे उतरते. चांदीचा आयन क्लोराइडला भेटला की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो आणि प्रयोग तिथेच संपतो.

तपासणी सोपी आहे. स्वच्छ टेस्ट ट्यूबमध्ये १० मि.लि. पाणी घ्या, त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या १ टक्का द्रावणाचे ३ थेंब टाका आणि काळ्या कागदासमोर धरा. दुधाळ धूसरपणा दिसला तर ते पाणी वापरू नका. काचेची भांडीही शेवटी याच चाचणीतून पास झालेल्या पाण्याने तीनदा विसळा. नळाच्या पाण्याने धुऊन वाळवलेल्या बीकरच्या तळाशी राहिलेला क्षारही कण बिघडवायला पुरेसा असतो.

कण तयार करणे

वनस्पतींच्या अर्काचे कण या कामाला घेऊ नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. अर्कातले टॅनिन आणि फिनॉल स्वतःच पेशीवर परिणाम करतात, आणि मग दोष कणाचा की कोकमाचा हे ठरवता येत नाही. आधी साध्या रासायनिक पद्धतीच्या कणांवर हात बसवा.

सोडियम बोरोहायड्राइडची पद्धत अशी:

१. सिल्व्हर नायट्रेट १७ मि.ग्रॅ. वजन करून १०० मि.लि. पाण्यात विरघळवा. हे १ मिलीमोलर झाले. बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

२. सोडियम बोरोहायड्राइड ३८ मि.ग्रॅ., बर्फात थंड केलेल्या ५०० मि.लि. पाण्यात विरघळवा. हे २ मिलीमोलर झाले. लागते त्याहून जास्त करायचे, कारण २-३ मि.ग्रॅ.चे वजन साध्या काट्यावर विश्वासाने होत नाही. द्रावण त्याच तासात वापरा. त्यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून बूच घट्ट लावू नका, जवळ ज्योत ठेवू नका, डोळ्यांवर चष्मा हवाच.

३. या द्रावणातले ३० मि.लि. कोनिकल फ्लास्कमध्ये घ्या. फ्लास्क बर्फात ठेवून मॅग्नेटिक स्टररवर ढवळत राहा.

४. ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेटचे १० मि.लि. साधारण सेकंदाला एक थेंब या वेगाने सोडा. पहिल्या काही मि.लि.मध्ये फिका पिवळा रंग येतो, शेवटी तो सोनेरी पिवळा होतो.

५. शेवटचा थेंब पडला की ढवळणे लगेच थांबवा. इथे बरेच जण चुकतात. ‘अजून थोडे मिसळू दे’ म्हणून स्टरर चालू ठेवला की कण एकमेकांवर आपटून चिकटतात. पिवळ्याचा गडद पिवळा, मग जांभळट, मग राखाडी रंग होतो. असे द्रावण फेकायचे, वापरायचे नाही.

६. रात्रभर सैल झाकण लावून अंधारात ठेवा, म्हणजे उरलेले बोरोहायड्राइड पाण्याशी संयोग पावून संपते.

यात चांदी ०.२५ मिलीमोलर, म्हणजे लिटरला २७ मि.ग्रॅ. आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर चौपट पातळ करून ३५० ते ७०० नॅनोमीटर वाचन घ्या. ४०० च्या आसपास एकच निमुळते शिखर दिसले पाहिजे. शिखर रुंद असेल किंवा ५०० च्या पुढे शेपूट उंच असेल तर कण चिकटलेले आहेत.

त्याच दिवशी कणांशिवायचे द्रावणही करा: बोरोहायड्राइड तेवढेच आणि सिल्व्हर नायट्रेटऐवजी १ मिलीमोलर सोडियम नायट्रेट. बोरोहायड्राइडपासून बोरेट बनते आणि द्रावण अल्कधर्मी होते. नुसत्या त्या पाण्याने मुळे खुरटली तर चांदीला दोष देता येणार नाही. हे ‘कोरे द्रावण’ तिन्ही चाचण्यांत सर्वांत वरच्या मात्रेइतके वापरा. दोन्हींचा पीएच लिहून ठेवा.

समुद्राच्या पाण्यात एक थेंब टाकून पाहा

ही पायरी कुठल्याही चाचणीच्या आधी करा. एका पांढऱ्या बशीत भरतीचे गाळलेले पाणी घ्या, शेजारच्या बशीत डिस्टिल्ड पाणी. दोन्हींत पिवळ्या द्रावणाचा २-२ मि.लि. धार सोडा. डिस्टिल्ड पाण्यात पिवळा रंग तसाच पसरतो. समुद्राच्या पाण्यात तो बघता बघता मळकट होतो, मग राखाडी. थोड्या वेळाने बशी तिरकी केली की तळाला बारीक काळसर भुकटी सरकताना दिसते.

हे कण मूळचे एकमेकांपासून दूर राहतात ते पृष्ठभागावरच्या ऋण विद्युतभारामुळे. गोड्या, कमी क्षाराच्या पाण्यात या विद्युतभाराची पोच सुमारे १० नॅनोमीटर असते. समुद्राच्या पाण्यात ती अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत येते. दोन कण जवळ आले की त्यांना दूर ढकलायला काहीच उरत नाही. एकटा १० नॅनोमीटरचा कण नुसत्या वजनाने १ सें.मी. खाली जायला सात महिने घेईल. प्रत्यक्षात तो कधी बसतच नाही. त्याच चांदीचा १ मायक्रोमीटरचा भरीव गोळा तेवढेच अंतर अर्ध्या तासात कापतो. म्हणजे सकाळी ८ वाजता प्लेटमध्ये ‘५ मि.ग्रॅ. प्रति लिटर’ टाकले, तरी दुपारपर्यंत वरच्या पाण्यात त्यातले किती उरले हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तळाशी मात्र ढीग असतो.

म्हणून ज्या पाण्यात चाचणी करायची त्याच पाण्यात, त्याच मात्रेला, ० मिनिटे, १० मिनिटे, १ तास आणि २४ तासांनी शोषणाचे वाचन घ्या. ४०० चे शिखर किती उतरले आणि ६०० वर किती चढले याचा तक्ता अहवालात निकालाच्या आधी द्या. तो नसेल तर पुढचे आकडे वाचणाऱ्याने कशाशी जोडायचे?

गोळे झाले म्हणजे धोका टळला असा अर्थ मात्र काढू नका. तळावर बसलेले आणि गोळा झालेले कण तिसऱ्या (लहान शिंपल्या), शिनाणे, कालवे यांना उलट सोपे पडतात. पाणी गाळून खाणाऱ्या या जिवांच्या कल्ल्यांत सुटा १० नॅनोमीटरचा कण बऱ्याचदा निसटतो, गोळा मात्र पकडला जातो आणि थेट पोटात जातो.

आयनांचेही खाऱ्या पाण्यात वेगळेच होते. खाडीच्या वरच्या भागात, क्लोराइड थोडे असते तिथे, सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतके जास्त असते की चांदी पुन्हा विरघळून क्लोराइडला बांधलेल्या रूपात फिरते. एकाच खाडीत जूनमध्ये आणि मार्चमध्ये निकाल वेगळे येतात ते म्हणूनच. पाण्याचा नमुना भरतीला, जेटीपासून आणि बोटी रंगवण्याच्या जागेपासून दूर घ्या, ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळा आणि खारटपणा बाटलीवर तारखेसह लिहा. पावसाळ्यात गढूळ पाणी आले तर त्यातला कुजलेला पालापाचोळा कणांवर थर चढवतो आणि विषारीपणा कमी दिसतो. तो नमुना फेकू नका, पण इतरांबरोबर मिसळूही नका.

चाचणी पहिली: कांद्याची मुळे

कांद्याच्या पेशीत १६ मोठी गुणसूत्रे असतात, साध्या सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसतात. १९३८ मध्ये लेव्हान यांनी ही पद्धत सुरू केली. आपल्याकडे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा मिळतात, त्यातले लहान, साधारण अडीच सें.मी. व्यासाचे कांदे उत्तम. बाजारातल्या गोणीतला कांदा कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेला असू शकतो. त्याला मुळेच फुटत नाहीत आणि विद्यार्थी आठवडा घालवतात. नवी माळ आणली की आधी ५ कांदे नुसत्या पाण्यावर ठेवून ४८ तासांत मुळे येतात का ते बघा.

वरची सुकी साल काढा. बुडाची जुनी वाळलेली मुळे ब्लेडने खरवडा, पण कडेचे नव्या मुळांचे कडे दुखवू नका. ५० मि.लि.च्या शीशीच्या तोंडावर कांदा असा बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. ४८ तासांनी मुळे १ ते २ सें.मी. झाली की सरळ, निरोगी मुळांचे कांदे निवडून चाचणीच्या द्रावणात हलवा. प्रत्येक मात्रेला ५ कांदे, शिवाय २ जादा.

मूळ द्रावणापासून १०० मि.लि. करायचे तर: १ मि.ग्रॅ. प्रति लिटरसाठी ३.७ मि.लि., २.५ साठी ९.३, ५ साठी १८.५ आणि १० साठी ३७ मि.लि. बाकी डिस्टिल्ड पाणी. सोबत साधे पाणी, कोरे द्रावण, आणि आयनांची तुलना म्हणून सिल्व्हर नायट्रेट. १ मि.ग्रॅ. चांदीसाठी १.५७ मि.ग्रॅ. सिल्व्हर नायट्रेट लागते, ०.१, ०.५ आणि १ मि.ग्रॅ. चांदी प्रति लिटर अशा तीन मात्रा ठेवा. कांद्यातून क्षार आणि इतर द्रव्ये झिरपतात, म्हणून चाचणी २४ तासांपेक्षा लांबवायची असेल तर द्रावण रोज बदला.

२४ तासांनी काही मुळांची लांबी मोजा, काही मुळांची टोके पेशींसाठी घ्या. टोके सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान तोडा, तेव्हा विभाजन भरात असते. ३ भाग अल्कोहोल आणि १ भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये २४ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये. रंगवण्याआधी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंशांना ५ ते ८ मिनिटे. कमी ठेवले तर पेशी सुट्या होत नाहीत, जास्त ठेवले तर मुळाचा लगदा होतो आणि रंग धरत नाही. पाण्याने धुऊन २ टक्के ॲसिटो-ऑर्सीनमध्ये अर्धा तास. शेवटचा २ मि.मी. गडद भाग तेवढा ठेवा, ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडच्या थेंबात कव्हरस्लिप लावा आणि गाळणीच्या कागदातून अंगठ्याने सरळ दाबा. अंगठा घसरला तर पेशींच्या वळकट्या होतात.

प्रत्येक कांद्याच्या किमान १००० पेशी मोजा. विभाजन चाललेल्या पेशी भागिले एकूण पेशी, गुणिले १००, हा मायटॉटिक इंडेक्स. चिकटलेली गुणसूत्रे, ॲनाफेजमधले पूल, मागे राहिलेली गुणसूत्रे आणि मायक्रोन्युक्लिअस यांची वेगळी नोंद करा. मोजणाऱ्याला स्लाइड कुठल्या मात्रेची हे कळता कामा नये, म्हणून दुसऱ्याकडून आकडे टाकून घ्या. मात्रा माहीत असली की डोळा वाईट पेशीच शोधतो.

चाचणी दुसरी: आर्टेमियाची पिल्ले

कोळंबी बीजकेंद्रांत खाद्य म्हणून वापरतात त्याच आर्टेमियाची अंडी डब्यात मिळतात. लिटरला १ ग्रॅम, खारटपणा ३० ते ३५ (हजारात इतके भाग), तापमान २८ अंश, सतत उजेड आणि जोरात हवा. २४ तासांत पिल्ले निघतात. दिवा एका बाजूला लावला की ती तिकडे जमतात, मग पिपेटने उचला. रिकामी टरफले पाण्यात येऊ देऊ नका.

नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे तोंड आणि आतडे बंद असते. ते अंड्यातल्या साठ्यावर जगते आणि कण गिळतच नाही. बऱ्याच प्रकल्पांत ‘चांदीचा परिणाम नाही’ असा निष्कर्ष निघतो तो या पिल्लांवर. ती स्वच्छ खाऱ्या पाण्यात आणखी २४ तास ठेवा. पहिली कात टाकून दुसऱ्या अवस्थेत आलेले पिल्लू पाणी गाळून खायला लागते. अशा पिल्लाला कणांच्या पाण्यात काही तास ठेवून ४० पट भिंगाखाली पाहा: पारदर्शक अंगाच्या मधोमध डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ दिसते. ती आतड्यात खचाखच भरलेली चांदी.

मात्रा बनवताना खारटपणाची गफलत होते. १० मि.ग्रॅ. प्रति लिटरसाठी ३७ टक्के गोडे द्रावण टाकले तर ३० चा खारटपणा १९ वर येतो, आणि प्रत्येक मात्रेला वेगळा खारटपणा मिळतो. त्यावर उपाय असा: ६० खारटपणाचे दुप्पट खारे पाणी करा. २४ खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात १ मि.लि. गोडे पातळ केलेले द्रावण आणि १ मि.लि. दुप्पट खारे पाणी टाका. सगळीकडे खारटपणा ३०. गोड्या भागात मात्रा लक्ष्याच्या दुप्पट ठेवा, त्यामुळे वरची मर्यादा १३.५ मि.ग्रॅ. प्रति लिटर राहते. गोडे द्रावण आधी पूर्ण तयार करायचे, खारे पाणी शेवटी टाकायचे. क्रम उलटला की कण दाट खाऱ्यातच गोळा होतात.

प्रत्येक खणात १० पिल्ले, शक्य तितक्या कमी पाण्यासकट. प्रत्येक मात्रेला ४ खण. प्लेट २८ अंशांना अंधारात. २४ आणि ४८ तासांनी मोजा. १० सेकंद पाहूनही अवयव हलत नसेल तर मेले समजा. नुसत्या पाण्यातली १० टक्क्यांपेक्षा जास्त मेली तर चाचणी रद्द. प्रत्येक खेपेला पोटॅशियम डायक्रोमेटची एक ओळही लावा, आणि तिचा निम्मी पिल्ले मारणारा आकडा वहीत जमवत जा. एखाद्या खेपेला तो फार हलला तर अंड्यांचा डबा जुना झाला आहे किंवा तापमान बिघडले आहे. पावसाळ्यात रात्री वीज जाते तेव्हा पिल्ले उबवणारी हवा बंद पडून सगळी गुदमरतात. बॅटरीवरचा एरेटर ठेवलाच पाहिजे.

नियंत्रणात, म्हणजे नुसत्या पाण्यात, थोडी मरतूक असेल तर ती वजा करा. समजा मात्रेत ४६ टक्के मेली आणि नियंत्रणात ८ टक्के: ४६ मधून ८ गेले ३८, भागिले ९२, म्हणजे ४१.३ टक्के.

चाचणी तिसरी: शिनाण्याच्या रक्तपेशी

हिरव्या कवचाची शिनाणी ओहोटीला खडकावरून मिळतात. ५ ते ७ सें.मी. लांबीची, एकाच जागची घ्या. खडकापासून ओढून काढू नका, धागे सुरीने कापा. ओढले की आतले मांस फाटते. आठवडाभर गाळलेल्या, हवा सोडलेल्या पाण्यात ठेवून मग मात्रा द्या: एका बादलीत ५ लिटर पाणी, ५ शिनाणी, चांदी लिटरला १०, ५० आणि १०० मायक्रोग्रॅम, २४ तास. इथे मात्रा कमी ठेवायची, कारण हा जीव तासाला लिटरहून जास्त पाणी गाळतो आणि वाईट वाटले की कवच मिटून घेतो. किती शिनाणी मिटलेली आहेत याची दर दोन तासांनी नोंद करा. मिटलेल्या जिवाने मात्रा घेतलेलीच नसते.

लागणारे खारे द्रावण, १ लिटरला: हेपेस ४.७७ ग्रॅम, मीठ २५.४८, मॅग्नेशियम सल्फेट १३.०६, पोटॅशियम क्लोराइड ०.७५, कॅल्शियम क्लोराइड १.४७ ग्रॅम, पीएच ७.३६. न्यूट्रल रेड हा रंग २० मि.ग्रॅ., १ मि.लि. डीएमएसओ या द्रावकामध्ये, त्यातले १० मायक्रोलिटर ५ मि.लि. खाऱ्या द्रावणात, दर वेळी ताजे.

कवचात बोथट सुरी घालून हलकेच २-३ मि.मी. उघडा, आतले पाणी निथळू द्या. १ मि.लि. सिरिंजमध्ये आधी ०.१ मि.लि. खारे द्रावण ओढा, सुई मागच्या, रुंद बाजूच्या स्नायूत घाला आणि ०.१ मि.लि. रक्त सावकाश ओढा. जोरात ओढले तर पेशी फुटतात. सिरिंज रिकामी करताना सुई काढून टाका, याच कारणासाठी. पॉली-लायसिन लावलेल्या स्लाइडवर ४० मायक्रोलिटर ठेवा आणि ओल्या कापडाच्या डब्यात १५ मिनिटे बसू द्या. जास्तीचे द्रव निथळून न्यूट्रल रेडचे ४० मायक्रोलिटर टाका, १५ मिनिटांनी कव्हरस्लिप.

आता १५ मिनिटांनी, ३० मिनिटांनी आणि मग दर अर्ध्या तासाने पाहा. निरोगी पेशीत लाल रंग बारीक, स्वच्छ दाण्यांत कोंडलेला असतो, बाकी पेशी निर्मळ. लायसोसोमची भिंत झिरपली की दाणे फुगतात, मग अख्खी पेशी गुलाबी होते आणि गोल होऊन बसते. निम्म्या पेशी अशा झाल्या तो वेळ लिहा. शिंपल्यांवरच्या कामात १२० मिनिटांच्या वर निरोगी आणि ५० च्या खाली फार त्रस्त असे धरतात, पण तुमची तुलना तुमच्याच नियंत्रणाशी करा. मे महिन्यात खोली ३३ अंशांवर असते आणि सगळेच वेळ आखडतात. स्लाइडचा डबा बर्फाच्या पिशवीवर टॉवेल घालून ठेवा आणि तापमान लिहा. सूक्ष्मदर्शकाचा दिवा पाहण्यापुरताच लावा, कारण न्यूट्रल रेड उजेडात स्वतःच पेशी जाळते. लाल सुया दिसल्या तर ते रंगाचे स्फटिक आहेत. रंग ताजा करा.

पेशींच्या प्लेटवर काम करायचे असेल तर

मुंबईला किंवा इतरत्र सेल कल्चरची सोय मिळाली की बहुतेक जण एमटीटी चाचणी (जिवंत पेशी रंगाच्या बदलावरून मोजायची) लावतात. तिथे दोन धोके आहेत. चांदीचे गोळे ५७० नॅनोमीटरवर स्वतःच उजेड अडवतात, आणि काही कण पेशींशिवायही एमटीटीचा रंग बदलतात. दोन्हींमुळे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. प्रत्येक मात्रेला पेशींशिवाय फक्त माध्यम, कण आणि एमटीटीचा खण लावा आणि त्याचे वाचन वजा करा. माध्यमातही भरपूर मीठ असते, आणि सीरमची प्रथिने कणांवर थर चढवतात. सीरमसह आणि सीरमशिवाय निकाल वेगळे आले तर घाबरू नका, दोन्ही लिहा.

आयन की कण

परिणाम विरघळलेल्या चांदीचा की कणाचा, हे वेगळे करायला अनेक जण द्रावण साध्या सेंट्रिफ्यूजवर १० मिनिटे फिरवतात आणि वरचे पाणी ‘फक्त आयन’ म्हणून वापरतात. हे चुकते. १० नॅनोमीटरच्या कणाला ३ सें.मी. खाली बसायला १०,००० जी ला (गुरुत्वाच्या १०,००० पट जोराला) दीड तासाहून जास्त लागतो, ३,००० जी ला पाच तासांच्या वर. वरचे पाणी पिवळे दिसत असेल तर त्यात कण आहेतच. ३ किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्ट्रेशन नळीतून गाळा. पहिले गाळलेले पाणी फेकून द्या, कारण पडदा थोडी चांदी स्वतःत शोषतो. गाळलेले पाणी चाचणीत वेगळी ओळ म्हणून लावा. कणांचा परिणाम आणि गाळलेल्या पाण्याचा परिणाम सारखा आला तर काम आयनांचे. कणांचा जास्त आला तर पेशीच्या आत काहीतरी घडते आहे, आणि तिथे पुढचे काम सुरू होते.

टाकाऊ द्रावण

सगळ्या शीश्या, प्लेटा आणि मुळांचे पाणी एका झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये गोळा करा. सिंकमध्ये ओतले की ते खाडीतच जाते. डायक्रोमेट वेगळ्या बाटलीत, लेबल लावून. चांदीच्या ड्रममध्ये अमोनिया कधीही टाकू नका. चांदी आणि अमोनियाचे मिश्रण साठवले तर स्फोटक पदार्थ बनतो. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात थोडे मीठ टाकून दोन दिवस ठेवा, पांढरा साका खाली बसतो आणि उजेडात जांभळट होतो. मीठ फार टाकले तर तो पुन्हा विरघळायला लागतो. वरचे पाणी दुसऱ्या बाटलीत ओता, त्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा धूसरपणा येतो का बघा. आला तर आणखी एक दिवस थांबा. साका गाळणीच्या कागदावर वाळवून, वजन आणि तारीख लिहून, घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यायला जपून ठेवा.